संग्रामपूरच्या पांदणींतून सायकलीनें

संग्रामपूराकडे कोणी निव्वळ सायकलीवरून हिंडण्याकरितां जातो असें सांगितलें, तर ऐकणारा प्रथम हंसल्याशिवाय राहणार नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांत पाहण्यासारखें म्हणून लोणारचें सरोवर सांगतात, सिंदखेडराजा सांगतात, शेगांवचें देवस्थान तर सर्वांच्याच तोंडीं आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोंकाला, सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या या तालुक्याचें नांव त्या यादींत सहसा येत नाहीं. शिवाय सायकल ही आपल्या समाजांत कामाची वस्तु. शेतावर भाकरी पोंचवावी, आठवड्याच्या बाजारांतून सामान आणावें, दुधाचीं भांडीं लटकवून गांवोगांव फिरावें, एवढ्याचकरितां ती निर्माण झाली असा सर्वत्र समज आहे. आणि कांहीं काम नसतांना सायकल बाहेर काढणारा मनुष्य रिकामटेकडा ठरतो.

परंतु या रिकामटेकडेपणाला इंग्लंडसारख्या उद्योगी देशांत मोठी प्रतिष्ठा आहे. सायकलीनें सहल करणाऱ्यांचा तेथील संघ १८७८ सालीं स्थापन झाला. त्या वेळीं पुढचें चाक पुरुषभर उंच आणि मागचें अगदीं चिमुकलें अशा सायकली होत्या, व त्यांवरून पडणें म्हणजे चांगल्याच उंचीवरून पडणें होतें. पुढें १८८५ सालीं कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें साखळीनें मागचें चाक फिरविणारी, बेताच्या उंचीची 'रोव्हर' सायकल पुढें आणली, आणि १८८८ सालीं डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचा हक्क नोंदविला. मग सामान्य कारकुनाला व कामगारालाहि रविवारीं शहराबाहेर पडणें सोपें झालें.

हल्लीं जिला माउंटन बाईक म्हणतात ती रुंद टायरांची सायकल मात्र इंग्लंडची नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत, डोंगर-उतारावरून भरधांव खालीं येण्याच्या हौसेंतून ती जन्मली. गंमत अशी कीं, खडबडीत वाटांनीं सायकल नेणाऱ्या इंग्रज हौशी लोकांनीं आपलें मंडळ १९५५ सालींच काढलें होतें. त्यांच्याजवळ साध्याच सायकली असत, आणि जेथें चाक चालत नसे तेथें ते ती खांद्यावर घेत. त्यांना घाई नव्हती. दक्षिण इंग्लंडांतील खडूच्या गोलसर टेकड्या, कुंपणांमधून जाणाऱ्या अरुंद वाटा, मध्येंच एखादें जुनें देऊळ, हें सर्व पाहावें आणि संध्याकाळीं घरीं परतावें, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत या टेकड्यांच्या माथ्यावरून सुमारें १०० मैलांची एक वाट जाते, व ती सबंध सायकलीनें करतां येते.

ती करतां येते याला एक कारण आहे, आणि तें टेकड्यांच्या सौंदर्याहून निराळें आहे. १९६८ च्या कायद्यानें, घोडेस्वारांसाठीं पूर्वापार राखलेल्या वाटांवरून सायकल नेण्याचा हक्क इंग्लंडांत प्रत्येकास मिळाला. अट एवढीच कीं, पायीं चालणारास व घोडेस्वारास सायकलवाल्यानें आधीं वाट द्यावी. जमीन खासगी मालकाची, पण तींतून जाणारी वाट सर्वांची, ही गोष्ट तेथें नकाशावर उमटलेली आहे.

संग्रामपूर तालुक्यांत अशी वाट आहे काय? आहे, तिला वऱ्हाडांत पांदण म्हणतात. दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी, गाड्यांच्या चाकोऱ्यांनीं खोल गेलेली, दोहों बाजूंनीं बाभूळ, बोर आणि निंब यांनीं झांकलेली ही वाट शिवारांतून गांवाकडे येते. मोटारीला ती अरुंद व गैरसोयीची. पायीं जाणाऱ्यास ऊन झाल्यावर लांबलचक. सायकलीला मात्र ती मापून केल्यासारखी आहे.

कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस या हिंडण्यास उत्तम. कापूस वेंचणें चालू असतें, तूर फुलावर किंवा शेंगेवर असते, हरभऱ्याचा आंबूस वास सकाळच्या दंवांत मिसळलेला असतो. तालुक्याच्या दक्षिणेस पूर्णा नदीचें खोरें आहे. तेथील माती काळी व खोल, जमीन सपाट, आणि विहिरींचें पाणी कित्येक ठिकाणीं मचूळ. यालाच खारपाणपट्टा म्हणतात. हिंडणाऱ्यानें या भागांत पाण्याची बाटली भरलेली ठेवावी. येथून उत्तरेकडे सोनाळा, टुनकी या बाजूस निघालें म्हणजे जमीन चढत जाते. हा चढ डोळ्यांना दिसत नाहीं, पण मांड्यांना कळतो. सपाट वाटणाऱ्या रस्त्यावर आपण एवढे कां थकलों याचा उलगडा मागें वळून पाहिल्यावर होतो.

मातीहि बदलते. सातपुड्यांतून उतरणाऱ्या ओढ्यांनीं पायथ्याशीं गोटे व वाळू यांचे थर आणून टाकले आहेत. पावसाचें पाणी त्यांतून झपाट्यानें खालीं मुरतें, म्हणून विहिरी खोल आहेत, पण पाणी गोड आहे. त्याच्या बळावर येथें संत्र्यांच्या व केळींच्या बागा उभ्या राहिल्या, आणि त्याच बागांच्या तहानेनें पाण्याची पातळी खालीं जात चालली. मोटारींतून जाणारास बाग तेवढी दिसते. सायकलीवरून जाणारास, तो विसांव्याला थांबतो म्हणून, बागेतील शेतकऱ्याची चिंताहि ऐकूं येते.

सातपुड्याची निळी रांग तोंपर्यंत हिरवी-तांबूस होऊन अगदीं जवळ आलेली असते. पूर्वेस, अकोला जिल्ह्याच्या सीमेवर, वान नदी डोंगरांतून बाहेर पडते. वारी येथें तिच्यावर हनुमानसागर हें धरण आहे. पायथ्याच्या वस्त्यांतून कोरकू, निहाल, भिलाला लोक राहतात. समोरचें जंगल म्हणजे अंबाबरवा अभयारण्य. १९९७ सालीं घोषित झालेलें हें अभयारण्य सुमारें १२७ चौरस किलोमीटरचें असून मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. येथें वाघ, बिबट्या व अस्वल यांचें राज्य असल्यामुळें वनखात्याच्या परवानगीवांचून पुढें जाऊं नये. आळशी सहलीला अशी एखादी हद्द असणें चांगलेंच. नाहीं तर परतण्याची वेळ कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं.

सायकल कोणती असावी, हा प्रश्न वाटतो तेवढा महत्त्वाचा नाहीं. रुंद टायरांत हवा कमी ठेवतां येते, त्यामुळें टायर गोट्यावर आपटण्याऐवजीं त्याला कवटाळून पुढें जातो आणि हाताला हिसका कमी बसतो, हा माउंटन बाईकचा खरा गुण. तिच्या हलक्या गिअरांनीं चढ सोपा होतो. पण २८ इंची चाकांची साधी काळी सायकलहि या पांदणींतून पिढ्यान् पिढ्या चालली आहे. शत्रु दोनच. पहिला काळ्या मातीचा चिखल. पावसाळ्यांत तो चाक आणि मडगार्ड यांच्यामध्यें असा घट्ट बसतो कीं सायकल ढकलतांहि येत नाहीं. काडीनें चिखल उकरीत बसावें लागतें. म्हणून पाऊस संपून वाट वाळेपर्यंत थांबावें, हेंच बरें. दुसरा शत्रु बाभळीचा कांटा. इंग्लंडांतहि कुंपणें छाटल्यावर कांटे वाटेवर पडून अशाच ट्यूबा फुटतात, एवढें समाधान वऱ्हाडी सायकलवाल्यानें करून घ्यावें आणि जवळ एक जादा ट्यूब ठेवावी.

पांदणींत समोरून बैलगाडी आली तर सायकलवाल्यानें उतरून धुऱ्याला लागावें. गाडीवाला विचारतो, "कोन्या गावचे हो?" आणि लगेच, "काय काम काढलं इकडं?" कांहींच काम नाहीं, हें उत्तर त्याला पटत नाहीं. जमिनीचा सौदा असावा, नाहीं तर सोयरीक पाहावयाची असावी, असा अर्थ तो आपल्या मनाशीं लावतो.

त्याचा संशय अगदींच अनाठायीं नाहीं, कारण पांदण हा आज भांडणाचा विषय आहे. शेतें वाटलीं जातात, प्रत्येक वांट्याला थोडी जमीन अधिक हवी असते, आणि दरवर्षीं नांगराचें एक तास पांदणींत सरकतें. कांहीं वर्षांनीं गाडी जाईनाशी होते, मग बाभूळ माजते, आणि शेवटीं गांवनकाशावर दिसणारी वाट जमिनीवर सांपडत नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खालीं शेतकऱ्याला दुसऱ्याच्या हद्दीवरून आपल्या शेतांत जाण्याकरितां तहसीलदाराकडे वाट मागतां येते; २०२१ सालीं राज्यानें शेत व पांदण रस्त्यांसाठीं मातोश्रींच्या नांवानें एक योजनाहि काढली. पण हें सर्व शेतांत ट्रॅक्टर व माल जावा याकरितां आहे. निव्वळ जाणारा-येणारा, ज्याचें तेथें शेत नाहीं, त्याचा विचार त्यांत कोणी केलेला नाहीं.

आणि असा जाणारा केवळ हौशी नसतो. राज्याच्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमांतून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेकरितां सायकली मिळतात. शेजारच्या गांवच्या शाळेंत जाणाऱ्या मुलीला पांदण मोकळी असली तर ती झाडांच्या सावलींतून जाते. बुजलेली असली तर तिला मालमोटारींच्या रस्त्यानें वळसा घ्यावा लागतो. पंचवीस माणसांनीं दोन दिवस कुऱ्हाड चालविली तर मैलभर वाट खुली होण्यासारखी असते. हें काम सुगी आटोपल्यावर, फाल्गुन-चैत्रांत करतात, आणि तोडलेल्या बाभळीचे कांटे पुढें दोन महिने वाटेवर पडून राहतात. तेवढे दिवस त्या वाटेला जाणाऱ्यानें एकाऐवजीं दोन ट्यूबा बरोबर घ्याव्या.