कुठल्या डॉक्टरकडे जायचं?

(एजवेअर येथील मासिक बैठकीत केलेलं भाषण)



माझ्या नावामागचं 'डॉक्टर' पीएच.डी.चं आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी गावाकडचे नातेवाईक मलाच विचारतात, "तू डॉक्टर ना, मग सांग कुठे दाखवू?" चार वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आत्याने हेच विचारलं होतं. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, म्हणून आज बोलते आहे.

आत्याचं नाक सारखं चोंदायचं, रक्त यायचं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सायनसचं औषध दिलं. मग सांधे धरले, म्हणून हाडांचे डॉक्टर झाले. खोकला लागला, एक्स-रेमध्ये डाग दिसले, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. आपल्याकडे टीबी इतका आहे की ही शंका येणं साहजिक होतं. थकव्याबद्दल घरचे म्हणाले, "फार मनाला लावून घेतेस." पाच महिन्यांनी पाय सुजले, तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी साधी लघवी तपासली. तीत रक्त आणि प्रथिनं सापडली. रक्ताची 'अँका' चाचणी पॉझिटिव्ह आली, बायोप्सी झाली आणि नाव कळलं: व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह. तोवर किडन्या निकामी झाल्या होत्या. आज ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते.

दर रविवारी मी फोनवर विचारायचे, "डॉक्टर काय म्हणाले?" चारही फायलींमधलं सगळं माझ्या कानावर येत होतं. ते एकत्र मांडून पाहायचं मात्र मला सुचलं नाही.

शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, तेव्हा होणाऱ्या आजारांना ऑटोइम्यून म्हणतात. हल्ला एकाच अवयवावर असेल तर डॉक्टरही त्या अवयवाचा: थायरॉइड किंवा टाइप १ मधुमेहासाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मल्टिपल स्क्लेरोसिससाठी न्यूरॉलॉजिस्ट, कोडासाठी त्वचारोगतज्ज्ञ. पण रक्तवाहिन्या सर्वत्र असतात, त्यामुळे व्हॅस्क्युलायटिस कुठेही डोकं वर काढतो. ल्यूपसचंही तसंच. अशा आजारांचा मुख्य डॉक्टर म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. 'संधिवाततज्ज्ञ' या मराठी नावामुळे आपण त्याला फक्त गुडघेदुखीचा डॉक्टर समजतो. किडनीला धोका असेल तर नेफ्रॉलॉजिस्ट पुढाकार घेतो. भारतात काही मोठ्या संस्थांत क्लिनिकल इम्युनॉलॉजी असा वेगळा विभाग असतो. रक्तवाहिन्यांचा आजार म्हणून व्हॅस्क्युलर सर्जनकडे धाव घेऊ नका. त्यांची गरज क्वचितच लागते.

उशीर किती महागात पडतो? आत्यासारख्या आजारात उपचारांविना रुग्ण सरासरी पाच महिने जगतो, असं १९५८ साली एका ब्रिटिश डॉक्टरने नोंदवलं होतं. पुढे स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फमाइड आलं, २०१० नंतर रिटुक्सिमॅबही रुळलं. आता बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं जगतात. पण गेलेली किडनी औषधाने परत येईलच असं नाही.

भारतात पैसे असतील तर कुठल्याही स्पेशालिस्टचं दार थेट उघडतं, पण चार दारांमागचं एकत्र पाहणारा फॅमिली डॉक्टर नाहीसा होत चालला आहे. इथे जीपी आहे, पण भेट दहा मिनिटांची आणि पुढची रांग लांबलचक. दोन्हीकडे जोडणी आपल्यालाच करावी लागते. म्हणून वर्षभरातल्या सगळ्या तक्रारी तारखांसह एका कागदावर लिहा. जीपीला विचारा, "या सगळ्यामागे एकच आजार असेल का? लघवी, क्रिएटिनिन, सीआरपी पाहता येईल का?" गरज वाटली तर इथून नॉर्दर्न लाइनवरच्या रॉयल फ्रीमध्ये ऱ्हुमॅटॉलॉजीही आहे आणि किडनी विभागही. हॅमरस्मिथ हॉस्पिटल तर व्हॅस्क्युलायटिससाठी जुनं, नावाजलेलं केंद्र आहे.

एका बाबतीत मात्र चिठ्ठीची वाट पाहू नका. पन्नाशीनंतर नव्यानेच डोकं दुखू लागलं, चावताना जबडा दुखला, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळली किंवा दृष्टी अंधुक झाली, तर तो जायंट सेल आर्टरायटिस असू शकतो. त्यात कायमचं अंधत्व येऊ शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा; दिसण्यात फरक पडला असेल तर थेट इमर्जन्सीत जा. एजवेअर जनरलची इमर्जन्सी १९९७ सालीच बंद झाली, तेव्हा बार्नेट किंवा नॉर्थविक पार्कचा रस्ता माहीत असू द्या.

उलट टोकाला ताकायासू आर्टरायटिस. तो बहुधा तरुण स्त्रियांना होतो आणि भारतात तुलनेने जास्त दिसतो. दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक किंवा हाताची नाडी न लागणं ही त्याची खूण. १९०८ साली तो प्रथम मांडला तो जपानी डॉक्टर डोळ्यांचा होता. म्हणजे सुरुवात कुठल्याही दारातून होऊ शकते.

शेवटचं. ल्यूपस गोऱ्या स्त्रियांपेक्षा आपल्याकडच्या स्त्रियांत अधिक आढळतो, असं ब्रिटनमधल्या अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा घरातली बाई महिनोन् महिने थकलेली, अंग दुखतंय म्हणत असेल तर "मनाला लावून घेतेस" म्हणू नका. उपासतापास, अंगारेधुपारे आणि नाव नसलेल्या पुड्या यांत महिने घालवू नका. तिच्याजवळ बसा आणि तो कागद तिच्याबरोबर लिहा. मी आत्याबरोबर लिहिला नव्हता.