आपलं नाव यादीत आहे काय?



तुम्ही आता वाचायला शिकलात. म्हणून आज आम्ही तुम्हांला एक कागद वाचायला सांगणार आहोत. तो कागद म्हणजे आपल्या गावच्या मतदारांची यादी.

इंग्रजांच्या अमलात मत सर्वांना नव्हते. जमीन, कर किंवा शिक्षण असेल त्यालाच मत. स्वराज्यात घटनेने गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष सर्वांना एकेक मत दिले. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता. त्या वेळी उत्तरेकडच्या काही प्रांतांत बायका परक्यापुढे आपले नाव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगत. अशी सुमारे २८ लाख नावे यादीतून गळाली.

आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंना सारा मुलूख त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखतो. मग आपल्या लेकीसुनांची नावे यादीत नकोत काय?

आम्ही काही पेन्शनर मास्तर आणि गावची पोरं मिळून यादी घेऊन घरोघर फिरतो. मत कोणाला देणार, हे आम्ही कोणाला विचारत नाही. नाव आहे का, एवढंच पाहतो. कुठे सून सासरी आली, पण तिचं नाव माहेरीच राहिलं. कुठे मेलेल्याचं नाव कायम, आणि जित्याचं गळालेलं.

एक मजूर बाई नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती. घराला कुलूप पाहून 'गाव सोडून गेली' असा शेरा पडला. नाव कमी झाले. मतदानाच्या दिवशी ती रांगेत उभी राहिली. हातात मतदार कार्ड होते, तरी परत फिरावे लागले. लक्षात ठेवा, नुसते कार्ड पुरत नाही. यादीत नाव पाहिजे.

पण कायदा तिच्या बाजूचा होता. काही दिवस बाहेर गेल्याने गावचा रहिवास तुटत नाही, असे लोकप्रतिनिधित्व कायद्यात लिहिले आहे. 'इथे राहत नाही' म्हणून नाव काढायचे, तर आधी त्या माणसाचे म्हणणे ऐकले पाहिजे. आम्ही तिचा अर्ज भरून दिला. नाव परत आले.

आता अर्ज कोणते ते सांगतो.

नवे नाव घालायला नमुना ६. मयताचे नाव काढायला नमुना ७. चूक सुधारायला किंवा सुनेचे नाव सासरी आणायला नमुना ८. अर्जाला पैसे पडत नाहीत. अर्ज यादीचे काम पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कचेरीत द्यावा. पोच घ्यावी. अडले तर १९५० या नंबरावर फोन करावा. पूर्वी मताला वय २१ लागे. १९८९ पासून १८ पुरे.

केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावाने कोणी आधीच मत देऊन गेला असेल, तर मुकाट्याने परतू नका. केंद्राध्यक्षांना ओळख पटवा. ते निराळी मतपत्रिका देतात. तिला प्रदत्त मतपत्रिका म्हणतात.

निवडणूक आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. विहीर आधी खणावी, तहान मागून लागते. यादी आजच वाचा. आपलं नाव शोधा. मग शेजारणीचं शोधून तिला वाचून दाखवा.