शस्त्रक्रियेआधीची तयारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बोलावयास सांगितले ते मी धावते म्हणून. पण मी बोलणार आहे ते येत्या महिन्यात होणाऱ्या माझ्या शस्त्रक्रियेविषयी. असला विषय चारचौघींत काढावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी ठरविले की, आपल्यातच बोलावयाचे नाही तर मग कोठे?

आषाढी झाल्यावर शेगावची पालखी पंढरपुराहून परतताना आपल्या बीबीवरून लोणारकडे जाते. शेकडो कोस चाललेले ते वारकरी पाहून मला प्रथम चालण्याचा नाद लागला. चालण्याचे पुढे धावणे झाले. पहाटे अंधारात, पायांत बूट आणि डोक्याला पदर, असे माझे सोंग तुम्ही सर्वजणींनी पाहिलेच आहे. दहा किलोमीटर सहज होऊ लागले, तेव्हा एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचे स्वप्न पडू लागले.

गेल्या वर्षी मात्र दम लागू लागला. वाटले, वय झाले, सराव कमी पडतो. म्हणून सराव वाढविला! पाळीच्या वेळी अंगावरून फार जात होते, पण ते मी कोणाला सांगितले नाही. बाईच्या जातीला हे चालायचेच, अशी आपली समजूत. अखेर एका पहाटे रस्त्याकडेला चक्कर येऊन बसले, तेव्हा दवाखाना गाठला. गर्भाशयात गाठ निघाली आणि हिमोग्लोबिन निघाले 8.4. आपल्या वयाच्या बाईचे ते निदान 12 तरी असावे लागते. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच उणे, तर पायांनी काय करावे? माझा सराव कमी नव्हता, माझे रक्त कमी होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी रक्त वाढवू, मग शस्त्रक्रिया करू." घरी सासूबाई म्हणाल्या, "अवं, पोटात गाठ हाय अन् पयतं कायले? गुमान पडून राह्य." दोघींचीही माया खरी. म्हणून मी डॉक्टरीणबाईंनाच विचारले. त्यांनी धावणे बंद केले, पण चालणे बंद केले नाही. बोलता येईल इतक्याच वेगाने रोज अर्धा तास चालावयाचे, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावयाचे, आणि तीन चेंडूंच्या त्या प्लॅस्टिकच्या यंत्राने दीर्घ श्वास घ्यावयाचा. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घ्यावयाचा नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाने मात्र लागते. मेथी, हरभरे आणि डाळी ताटात रोज हव्यात. माझ्या शेजारच्या खाटेवरील बाईंना तर मिश्री चार आठवडे आधीच सोडावयास सांगितले, कारण तंबाखूने जखम भरून येण्यास वेळ लागतो.

यात नवल असे काही नाही. शर्यतीपूर्वी आपण अंग तयार करतो, तसेच शस्त्रक्रियेपूर्वीही करावयाचे. डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी 1990 नंतरच्या दशकात दाखवून दिले की, वेदना नीट आवरून रुग्णास लवकर खाऊ घातले व लवकर चालविले, तर तो लवकर बरा होऊन घरी जातो. अंथरुणाला खिळून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. मात्र त्यानंतरचे सहा आठवडे पाण्याची घागर उचलावयाची नाही आणि डॉक्टरांच्या परवानगीवाचून धावावयाचे नाही. माझ्यासारखीला ही दुसरी परीक्षाच अवघड आहे.

लता करे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मूळच्या त्या आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर 2020 साली चित्रपट निघाला आणि त्यात स्वतःची भूमिका त्यांनीच केली. ही गोष्ट ऐकून आपल्या डोळ्यांना पाणी येते. पण मी स्वतःला एक प्रश्न विचारला. नवऱ्यासाठी, लेकरासाठी आपण अनवाणी धावू; स्वतःच्या उपचारासाठी दवाखान्यापर्यंत चालत तरी जातो का? मी एक वर्ष गेले नाही. दहा किलोमीटर धावणारी मी, तेवढे अंतर मला जड गेले.

म्हणून भगिनींनो, माझे मागणे थोडे आहे. अंगावरून जास्त जात असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर लपवू नका. रक्त तपासून घ्या. आणि माझ्यापुरते म्हणाल, तर ते सहा आठवडे आळीपाळीने कोणी तरी माझ्या घरचे पाणी भरा आणि संध्याकाळी मला धरून अंगणात चार फेऱ्या घालवा. सासूबाईंनी यंत्रातले चेंडू मोजण्याचे काम आधीच आपल्याकडे घेतले आहे.

परवा तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 11 झाले होते. एकवीस किलोमीटरचे स्वप्न मी सोडलेले नाही, फक्त पुढे ढकलले आहे. पुढील वर्धापनदिनी मी येथवर धावत येते की चालत, ते पाहू. येईन मात्र नक्की.