कोरियाला लोकशाही कुणी दिली?

(खोडाळा येथे तरुणांसमोर केलेलं भाषण)

मघाशी चहा घेताना तुमच्यातला एक जण म्हणाला, "कोरियाला अमेरिकेचा पैसा मिळाला, एक कडक हुकूमशहा मिळाला, म्हणून देश उभा राहिला. आपल्यालाही तसाच माणूस हवा." इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मीही हेच म्हणायचो, तेही मोठ्या आवाजात.

पैसा बाहेरून आला, हे खरं. युद्धानंतर कित्येक वर्षं दक्षिण कोरिया अमेरिकेच्या धान्यावर आणि डॉलरवर जगला. 1965 च्या करारात जपानने 30 कोटी डॉलरचं अनुदान कबूल केलं. पोहांगच्या पोलाद कारखान्याला त्या करारातला पैसा लागला. पण त्याआधी, 1950 मध्ये, तिथे कुळांना जमिनी मिळाल्या होत्या. साधारण तीन हेक्टरवर शेतजमीन कुणाला ठेवता येईना. त्यामागे अमेरिकेचा रेटा होता, उत्तर कोरियाची भीतीही होती. काही असो, कसणारा मालक झाला आणि त्याची पोरं शाळेत गेली. मोखाड्यात वनहक्काच्या दाव्यासाठी हेलपाटे घालणाऱ्यांना याची किंमत मी काय सांगणार?

आता तो कडक माणूस. पार्क चुंग-ही 1961 मध्ये लष्करी बंड करून सत्तेवर आला. निर्यात वाढली, मान्य. पण ती वाढवली सोलच्या शिलाई कारखान्यांत राबणाऱ्या कोवळ्या मुलींनी. कामगार कायदा कागदावर होता, पाळत कुणी नव्हतं. तो पाळा, असं ओरडत 1970 मध्ये चॉन ते-इल या 22 वर्षांच्या शिलाई कामगाराने स्वतःला जाळून घेतलं.

1980 मध्ये ग्वांगजूत लष्कराने लोकशाही मागणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. पुढच्याच फेब्रुवारीत रेगन यांनी त्या लष्करशहाचं, चुन दू-ह्वानचं, व्हाइट हाउसमध्ये स्वागत केलं. 1987 च्या जूनमध्ये विद्यार्थी, कारकून, पाद्री रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्ष थेट निवडायचा हक्क परत मिळाला. त्या वेळी लष्कर उतरवू नका, असं अमेरिकेनेही चुनला सुचवलं होतं. पण तोवर रस्ते माणसांनी भरले होते.

3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून यांनी मार्शल लॉ पुकारला. लोक संसदेकडे धावले. काही खासदार कुंपण चढून आत गेले आणि 190 मतांनी काही तासांत तो हुकूम रद्द करायला लावला. म्हणजे कडक माणूस त्या रात्रीही हजर होताच.

चहावेळच्या मित्राला एवढंच विचारतो: मागच्या ग्रामसभेला तू होतास का? पेसा कायद्याने तिला इथे अधिकार दिलेत. मीही नव्हतो. ठाण्यात लॅपटॉपपुढे बसलो होतो.