इम्प्लांट आहेत, मग बाळाला अंगावर पाजता येईल का?

ऐकणारे दादालोकही, तुम्हीपण थांबा. आजचा विषय तुमच्याही घरात येऊ शकतो.

मी पुण्यात स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. म्हणजे काय, तर बाळंतीण घरी आली, बाळ नीट ओढत नाहीये, दूध उतरत नाहीये, छाती दगडासारखी झालीये, की मला फोन येतो. गेल्या काही वर्षांत या फोनांमध्ये एक नवा प्रश्न आलाय. तो नेहमी हळू आवाजात येतो. "मॅडम, माझे इम्प्लांट्स आहेत. बाळाला पाजू ना?"

आधी थेट उत्तर देते, मग कारणं. हो, पाजा. इम्प्लांट असलेल्या बऱ्याच जणी व्यवस्थित पाजतात. पण सगळ्यांना पुरेसं दूध येतंच असं नाही. त्यामुळे बाळाच्या वजनावर इतरांपेक्षा जास्त बारीक लक्ष ठेवायचं. आता हे असं का, ते बघूया.

इम्प्लांट नक्की कुठे असतं? दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात पुढे, त्वचेच्या जवळ. इम्प्लांट ठेवतात त्यांच्या मागे, एकतर ग्रंथी आणि छातीचा स्नायू यांच्या मध्ये, नाहीतर स्नायूच्याही खाली. म्हणजे दुधाच्या वाटेत इम्प्लांट येत नाही. स्नायूखाली असेल तर ग्रंथींना सहसा कमी त्रास होतो.

खरा प्रश्न असतो चीर कुठे दिली याचा. स्तनाच्या खालच्या घडीत किंवा काखेत चीर असेल तर दुधाच्या नळ्या बहुतेक वेळा शाबूत राहतात. पण स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या कडेनं चीर दिली असेल, तर तिथल्या नळ्या आणि नसा कापल्या जाण्याची शक्यता जास्त. आणि नस का महत्त्वाची? कारण बाळ ओढतं तेव्हा तो निरोप नसेतूनच मेंदूपर्यंत जातो. मग प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं आणि ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. निरोपच पोचला नाही तर ग्रंथी चांगल्या असूनही दूध बाहेर येत नाही. म्हणून मी पहिल्याच फोनला विचारते, "ऑपरेशननंतर स्तनाग्राला स्पर्श कळतो का?" कळत असेल तर ती चांगली खूण आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. काही जणींच्या स्तनांत मुळातच ग्रंथी कमी असतात. दोन स्तनांमध्ये बरंच अंतर, आकार नळीसारखा, वयात येतानाही फारशी वाढ नाही. यातल्या काही जणी त्याच कारणानं इम्प्लांट करून घेतात. पुढे दूध कमी आलं की सगळा दोष इम्प्लांटला जातो. प्रत्यक्षात ते आधीपासूनच कमी येणार होतं.

कॅन्सरनंतर इम्प्लांट बसवलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे ग्रंथीच काढलेल्या असतात, त्यामुळे त्या बाजूला दूध येणार नाही. पण दुसरा स्तन निरोगी असेल, आणि तुमचे कॅन्सरतज्ज्ञ हो म्हणत असतील, तर एका बाजूनं पाजता येतं.

आता सगळ्यात मोठी भीती. "सिलिकॉन दुधात उतरेल का?" ही भीती उगाच आलेली नाही. सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला बसवलं गेलं. पुढे तक्रारी वाढल्या, आणि १९९२ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले. ते उठले २००६ मध्ये. मधल्या काळात आयांच्या मनात ही शंका पक्की बसली.

मग १९९८ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दूधच तपासलं. इम्प्लांट असलेल्या आणि नसलेल्या आयांच्या दुधातलं सिलिकॉनचं मूलद्रव्य मोजलं. इम्प्लांटवाल्यांच्या दुधात मिलिलिटरमागे सरासरी सुमारे ५५ नॅनोग्रॅम, इम्प्लांट नसलेल्यांच्या दुधात सुमारे ५१. म्हणजे जवळपास सारखंच. गाईच्या दुधात? सुमारे ७०९. आणि डब्यातल्या पावडरच्या दुधात ४,४०० च्या आसपास! अभ्यास छोटा होता, पण त्यातून दिसलं ते स्पष्ट आहे. इम्प्लांटच्या भीतीनं अंगावरचं दूध तोडून पावडरचा डबा उघडणं, हा हिशेब उलटा आहे. शिवाय बाळाच्या पोटात गॅस झाला की आपण जे थेंब देतो, त्यातलं सायमेथिकोन हेसुद्धा सिलिकॉनच्याच कुळातलं.

बरं, गर्भारपणात इम्प्लांटचं काय होतं? इम्प्लांटला स्वतःला काही होत नाही. ते फुगत नाही, वितळत नाही. बाळाच्या ओढण्यानं किंवा पंपानं फुटतही नाही. बदलतं ते त्याच्याभोवतीचं सगळं. ग्रंथी वाढतात, त्वचा ताणली जाते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरतं तेव्हा आत जागा आधीच कमी असते, त्यामुळे ताण आणि ठणका जास्त जाणवू शकतो. उपाय नेहमीचेच: बाळाला वारंवार पाजा, फार घट्ट वाटलं तर थोडं हातानं काढा, पाजून झाल्यावर थंड शेक घ्या. जोरजोरात चोळू नका.

दूध सुटल्यावर ग्रंथी आकसतात आणि सैल झालेली त्वचा तशीच राहते. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर ते वर जागेवर राहतं आणि पुढचा भाग त्यावरून ओघळल्यासारखा दिसू शकतो. ग्रंथीखाली असेल तर सगळंच थोडं खाली येऊ शकतं. आणि इथे एक गैरसमज काढून टाका. "पाजल्यानं स्तन ओघळतात." अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या अभ्यासात ओघळण्याचा संबंध दिसला तो वयाशी, वजनाशी, किती गर्भारपणं झाली त्याच्याशी आणि सिगारेटशी. पाजण्याशी नाही. म्हणजे आकार टिकवायला पाजणं टाळलंत, तर बाळाचं नुकसान होईल आणि आकारही टिकणार नाही.

आता मला आज खरं जे सांगायचंय ते.

मध्यंतरी एका घरी गेले होते. बाळ पाच दिवसांचं. सतत झोपाळू, दिवसभरात फक्त दोनदा शू. सासूबाई मनापासून सगळं करत होत्या. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शतावरी. सून गप्प. सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तशी ती पटकन म्हणाली, "ताई, माझं ऑपरेशन झालंय. लग्नाआधी. इथे कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही सांगितलं, आई सोबत असायच्या." चीर होती स्तनाग्राच्या कडेनं.

आता बघा. अळिवानं कापलेली नळी जोडली जात नाही. त्या बाळाला त्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेणं आणि वरचं दूध सुरू करणं गरजेचं होतं. तेच केलं. आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, मग वाटी-चमच्यानं वरचं. बाळ सावरलं. ती पुढे सात महिने थोडं अंगावर, थोडं वरचं असं पाजत राहिली. सासूबाईंना तिनं सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. तो तिचा प्रश्न.

पण डॉक्टरांना सांगणं हा बाळाचा प्रश्न आहे. म्हणून हे लिहून ठेवा. स्त्रीरोगतज्ज्ञांना म्हणा, "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय." ऑपरेशनचा कागद आणि इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा: कोणतं इम्प्लांट, कुठे ठेवलं, चीर कुठे. बाळ झाल्यावर पहिले दोन आठवडे वजन नियमित करा. जन्माचं वजन साधारण दोन आठवड्यांत परत आलं पाहिजे. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा वेळा चांगली शू झाली पाहिजे. होत नसेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि एकाच बाजूला अचानक सूज, आकारात बदल, ताप असं काही झालं तर "दूध साठलं असेल" म्हणून घरी बसू नका.

ज्या अजून विचारच करताय, त्यांच्यासाठी. लवकरच मूल हवं असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात, आणि पाजणं बंद झाल्यावरही तीन ते सहा महिने जाऊ द्या म्हणतात, म्हणजे मूळ आकार स्थिरावतो. आधीच करायचं असेल तर सर्जनला स्पष्ट विचारा, "मला पुढे पाजायचंय, चीर कुठे देणार?" आणि लक्षात ठेवा, इम्प्लांट जन्मभराचं नसतं. कधीतरी ते बदलावं किंवा काढावं लागू शकतं.

थोडंच दूध आलं तरी ते दूधच आहे. अर्धं अंगावरचं आणि अर्धं वरचं पिणारं बाळही आईच्याच कुशीत वाढतं.

चला, आज इथेच थांबूया. हा भाग त्या एका मैत्रिणीला पाठवा जिला हे विचारायची लाज वाटतेय. तिला वेगळा मेसेज करायची गरज नाही, नुसती लिंक पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!