मतदार यादीतील नाव

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तिच्या आधी १७ कोटींहून अधिक मतदारांच्या याद्या तयार करावयाच्या होत्या. गणक घरोघरी गेले तेव्हा अनेक घरांतील स्त्रिया परक्या माणसास आपले नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढीच ओळख त्यांनी दिली आणि यादीतही तीच उतरली. तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य करण्यास नकार दिला. ज्या स्त्रियांची खरी नावे शेवटपर्यंत मिळाली नाहीत, अशा सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी वगळण्यात आल्या. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश व राजस्थान यांबरोबर इंदूर-ग्वाल्हेरचा समावेश असलेल्या तेव्हाच्या मध्य भारतातीलही पुष्कळ होत्या. उखाण्यात पतीचे नाव घेणे हा कौतुकाचा प्रसंग. सरकारी कागदावर स्वतःचे नाव घालणे मात्र अनेकींना अवघड गेले.

हा निर्णय कठोर वाटतो, परंतु तो योग्यच होता. १९३५ च्या कायद्याखाली मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांवर अवलंबून असे, आणि कित्येक स्त्रियांना तो पतीच्या मालमत्तेमुळे मिळत असे. म्हणजे ‘अमक्याची पत्नी’ हीच तेव्हा पात्रता होती. संविधानाने ती रीत मोडली. अनुच्छेद ३२५ नुसार प्रत्येक मतदारसंघास एकच सर्वसाधारण यादी असते आणि धर्म, वंश, जात वा लिंग या कारणावरून कोणासही तीतून वगळता येत नाही. अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला. कोणाच्या नात्याने मिळालेले मत आता उरले नाही. म्हणून नोंदही स्वतःच्याच नावाने हवी.

वयाची अट प्रारंभी २१ वर्षांची होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून ती १८ वर आली. पूर्वी वय १ जानेवारी या एकाच तारखेस मोजत. २ जानेवारीस अठरा पूर्ण करणारा तरुण वर्षभर खोळंबे. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांच्या पहिल्या तारखा धरल्या जातात. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्जही करता येतो. नव्या नावासाठी नमुना क्र. ६, नाव वगळण्यासाठी किंवा आक्षेपासाठी ७, दुरुस्ती व स्थलांतरासाठी ८.

खरी अडचण वयाची नसून वास्तव्याची असते. कायदा म्हणतो की, मतदार त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहणारा’ असावा. गावी वडिलोपार्जित घर आहे, एवढ्यावर तेथे नाव राहत नाही. उलट, काही काळ बाहेर गेल्याने गावातील वास्तव्य संपते असेही नाही. बोटीवर नोकरीस गेलेला गोमंतकीय खलाशी सुटीत घरीच परततो; त्याचे घरदार गावीच असते. वसतिगृहातील विद्यार्थी आपल्या गावी किंवा शिक्षणाच्या ठिकाणी नाव नोंदवू शकतो, दोन्हीकडे नव्हे. एका व्यक्तीचे नाव एकाच ठिकाणी असावे, आणि अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परदेशी राहूनही भारतीय नागरिकत्व टिकविणाऱ्यास पारपत्रातील पत्त्यावर नमुना ६-अ ने नोंद करता येते. परदेशी नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचा हक्क मात्र जमीनजुमला गावात असला तरी संपतो.

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो सासरी गेलेल्या मुलींच्या नोंदींत. माहेरच्या यादीत जुने नाव तसेच राहते, सासरी नवे चढत नाही किंवा दोन्हीकडे दिसते. आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे येते आणि कित्येक मराठी घरांत मुलीचे स्वतःचे नावही लग्नात बदलतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये गोवा, गुजरात व मध्य प्रदेशासह काही राज्यांत विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले. त्या वेळी जुन्या यादीतील स्वतःच्या किंवा आईवडिलांसारख्या नातलगांच्या नोंदीशी दुवा जोडावा लागला. सासरच्या नावाने वावरणाऱ्या स्त्रीस त्यासाठी माहेरच्या गावाची वीस-बावीस वर्षांपूर्वीची यादी धुंडाळावी लागे. लग्नानंतर नमुना क्र. ८ भरून पत्ता व नाव यांची दुरुस्ती करून घ्यावी आणि विवाहाचा दाखला जपून ठेवावा, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहणे इष्ट.

एका नावाने काय अडते, असा प्रश्न चावडीवर हमखास निघतो. आपल्याकडे सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते हवीत असा नियम नाही. २००४ साली कर्नाटकातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात एकास ४०,७५२ व दुसऱ्यास ४०,७५१ मते पडली. २००८ साली राजस्थानातील नाथद्वारा येथेही निकाल एका मताने लागला. मते समसमान झाली तर चिठ्ठी टाकतात, आणि जिच्या बाजूने चिठ्ठी निघेल त्या उमेदवारास एक मत अधिक पडले असे धरतात.

मतदानाच्या दिवशी छायाचित्र असलेले ओळखपत्र हाती असूनही कित्येकांस परतावे लागते. ओळखपत्र माणूस कोण ते सांगते. मताचा हक्क यादीतील नोंदीने मिळतो. उमेदवारी अर्जांची अखेरची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीपुरते नाव घालता येत नाही. म्हणून प्रारूप यादी लागताच ती मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे पाहावी. हा अधिकारी बहुधा गावातील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका असते. वास्तव्य संपले या कारणावरून नाव काढावयाचे असल्यास संबंधितास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. नोंदणी अधिकाऱ्याचा निर्णय अमान्य असल्यास पंधरा दिवसांच्या आत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे व त्यानंतर तीस दिवसांच्या आत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. अर्ज दिल्याची पोच तोपर्यंत जवळ असावी.