पगार कुठल्या चलनात?

पदवीधर मित्रांनो, पदवीबद्दल चांगलं बोलणारे आज पुष्कळ भेटतील, म्हणून मी थेट माझ्या कामाकडे वळतो.

बँकेच्या परदेश विभागात माझी बहुतेक नोकरी पूर्व युरोप आणि मध्य आशियातल्या देशांच्या जोखमीचे अहवाल लिहिण्यात गेली. सरकारी नियोजन सोडून बाजाराच्या वाटेला लागलेले हे देश. 2007 साली हंगेरीत स्विस फ्रँकमधलं गृहकर्ज तिथल्या फोरिंट या चलनातल्या कर्जापेक्षा बरंच स्वस्त मिळे. शिक्षक, नर्स, दुकानदार तेच घेत. कमाई मात्र फोरिंटमध्ये. मी अहवालात लिहिलं : फोरिंट पडला तर हप्ता कोण भरणार? साहेबांनी तो परिच्छेद खोडला. ठरलेल्या नमुन्यात असा रकाना नाही, म्हणाले. ते मला अजून सलतं. आमच्या व्यवसायात विकासदराचा एक दशांश टक्का इकडचा तिकडे झाला की बैठका बसतात, पण कर्जदाराला पगार कशात मिळतो हे कुणी विचारत नाही.

जुलै 2008मध्ये एक फ्रँक दीडशे फोरिंटच्या आत होता, पुढच्या मार्चमध्ये दोनशेच्या वर गेला. त्या काळात बुडापेस्टला मी एका शिक्षिकेच्या घरी भाड्यानं राहिलो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रोज फ्रँकचा भाव पेन्सिलीनं लिहीत, आपल्याकडे दुधाचा हिशेब मांडतात तसा. वादळ अमेरिकेतल्या गृहकर्जांतून उठलं होतं, आणि हप्ता वाढला त्या बाईंचा. ऑक्टोबर 2008मध्ये हंगेरीला 20 अब्ज युरोंची मदत जाहीर झाली. फ्रँकची गृहकर्जं 256.5च्या दरानं फोरिंटमध्ये बदलायचं ठरायला मात्र नोव्हेंबर 2014 उजाडलं. दोनच महिन्यांनी स्विस मध्यवर्ती बँकेनं युरोशी बांधलेला दर सोडला आणि फ्रँक उसळला. हंगेरीतली कुटुंबं थोडक्यात वाचली. पोलंडमधले फ्रँकचे कर्जदार मात्र कचाट्यात सापडले, आणि 2009च्या मंदीत युरोपीय संघात वाढ टिकवलेला एकमेव देश पोलंडच होता! देशाची सरासरी उत्तम असूनही घरं अडचणीत येतात, ती अशी.

फ्रँक उसळला त्याच सुमारास ताजिकिस्तानातही तेच घडत होतं. 2013मध्ये तिथे मजुरांनी बाहेरून, मुख्यतः रशियातून, धाडलेला पैसा राष्ट्रीय उत्पन्नाच्या 40 टक्क्यांहून अधिक होता. मग तेलाचे भाव कोसळले, रुबल निम्म्याखाली आला. कमाई रुबलमध्ये, बँकांची कर्जं मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये. राजधानी दुशान्बेतल्या बँका बुडू लागल्या.

या देशांचं पुढे काय होईल, असं मला नेहमी विचारतात. पुढचा धक्का तेलाचा असेल, युद्धाचा की व्याजदराचा, हे सांगता येत नाही. तो कुणाच्या घरावर पडेल हे मात्र आधीच दिसतं, पाहिलं तर. तुमच्यापैकी अनेक जण उद्या बँकेत, मंत्रालयात, पतमानांकन संस्थेत असे अहवाल लिहाल. त्यात कर्जाचं चलन आणि पगाराचं चलन शेजारी शेजारी मांडा. वरिष्ठांनी खोडलं, तर पुढच्या अहवालात पुन्हा घाला.